कोनाड्यात राहिलेली समज

आधीच सांगून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लवकर सुटली. शब्दही घरात बोलतो तेच आहेत, भरजरी नाहीत. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्यावं आणि पुढे जावं. गोष्ट मात्र सरळ आहे.

एका राज्यात राजवाड्याला एकच महाद्वार होते. द्वाराच्या डाव्या हाताला वहाणा काढायची फरसबंदी होती, उजव्या हाताला भिंतीत कोनाड्यांची रांग. दरबारात जाणाऱ्याने डावीकडे वहाणा काढाव्यात, मग कपाळावरून तळहात फिरवावा आणि तो उजवीकडच्या कोनाड्यात झटकावा, अशी रीत होती. हात झटकला की कोनाड्यात काजव्याएवढा उजेड उरे. त्याला लोक ‘मान’ म्हणत. मान ठेवल्यावाचून आत जाणे म्हणजे राजाचा अपमान, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

तो उजेड म्हणजे त्या माणसाची समज होती, हे मात्र आता कोणालाच ठाऊक नव्हते.

ही रीत घातली पद्मसेन राजाच्या आजोबांनी. त्यांच्या दरबारात शहाणी माणसे फार. राजाने एक बोलावे, तर दहा जणांनी त्यातली चूक काढावी. राजा कंटाळला. त्याने डोंगरातून भस्मनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावले. भस्मनाथाने एका रात्रीत कोनाडे कोरले आणि म्हणाला, “आजपासून आत एकच समज पेटलेली राहील, ती राजाची. बाकीच्यांनी आपली इथे ठेवावी, निघताना उचलून न्यावी. जो उचलणार नाही, त्याची समज माझी.” राजा हसला. स्वतःची समज कोण विसरेल? त्याने वचन दिले.

पण उचलायची आठवण राहायला समज लागते, आणि ती तर कोनाड्यात. वहाणा कोणी विसरत नसे, कारण फरशीवर पाय पोळत. समज नसली म्हणून कुठे काही पोळत नाही. माणसे वहाणा घालून घरी जात. दिवस कलला की भस्मनाथाचा वेताळ पोते घेऊन येई, कोनाडे झाडून नेई.

त्या राज्यात लग्न झाले की जोडप्याने दरबारात मुजऱ्याला जायचे असे. म्हणून लग्नाआधी सगळ्यांना समज असे, लग्नानंतर कोणालाच नसे. मोठी माणसे पोरांना सांगत, “लग्न झालं की कळेल तुला.” आणि लग्न झाले की पोरांना कळायचे थांबे. प्रधान आणि सरदार रोज आत जात. त्यांच्याकडे काढून ठेवण्याजोगे काही उरले नव्हते, तरी ते रोज रिकामा हात कोनाड्यात झटकत.

असे राज्य चालले होते. नावाडी नाव भिजू नये म्हणून ती डोक्यावर घेऊन पाण्यातून चाले. एक बाई पीठ जास्त झाले की त्याचे पुन्हा धान्य व्हावे म्हणून जाते उलटे फिरवी. वैद्य निरोगी दात उपटी. म्हणे, दुखऱ्याला हात लावला तर दुखेल. लग्न झालेल्या कोणाला यात काही वावगे दिसत नसे. पिके येत, सण होत, माणसे एकमेकांना शहाणी म्हणत.

महाद्वारावर हैबती नावाचा द्वारपाल होता. वय तरुण, लग्न झालेले नव्हते, त्यामुळे आत जायचा प्रसंग आला नव्हता. उंच, धिप्पाड, पण स्वभावाने अतिशय लाजरा. कोणी नुसते पाहिले तरी त्याचे कान लाल होत. द्वारपालाने येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलू नये असा नियम होता, आणि तो नियम हैबतीला फार आवडे.

त्याचा थोरला भाऊ सुभानजी गवंडी होता. या वर्षी सुभानजीचे लग्न झाले. वहिनीचे नाव सगुणा. ती आली तशी घरात बोलणे आले. हैबतीला ती म्हणे, “भावजी, तुमच्यापेक्षा तुमचा भाला जास्त बोलतो.” हैबती मान खाली घालून जेवे, पण जेवण लांबवी.

मग दोघे मुजऱ्याला गेले. जाताना दोघांनी कोनाड्यात हात झटकले. दोन उजेड शेजारी शेजारी राहिले. येताना सुभानजीने वहाणा घातल्या, सगुणेने घातल्या, आणि वाजंत्री वाजवीत वरात निघाली. हैबतीने कोनाड्याकडे पाहिले. दादाचे काहीतरी राहिले, असे त्याला वाटले. हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडले. तेवढ्यात चार माणसांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने तोंड मिटले. संध्याकाळी वेताळ आला आणि कोनाडे झाडून गेला.

त्या दिवसापासून वहिनीने त्याची थट्टा केली नाही.

पुढे असे झाले, की राजा पद्मसेन शिकारीला गेला असता त्याने वनात धनेश पक्षी पाहिला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसली होती आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेत होती. राजाला ते फार पटले. परतल्यावर त्याने हुकूम काढला: चोर दारातून येतात, तरी पौर्णिमेचा सूर्य मावळण्याच्या आत प्रत्येकाने आपल्या घराचे दार आतून बुजवून घ्यावे. हवेपुरते भोक ठेवून काम करावे, आणि शेवटी तेही बुजवावे.

दरबारात सर्वांनी माना डोलावल्या. प्रधान म्हणाले, “हे आम्हाला सुचायला हवे होते.”

सुभानजीला आनंद झाला. गवंड्याने आधी आपले घर करून दाखवावे, म्हणून त्याने त्याच दिवशी हाती थापी घेतली. हैबती दुपारी जेवायला आला तर दाराच्या जागी भिंत, आणि भिंतीत मुठीएवढे भोक.

“दादा, हे काय?”

“दार बुजवलं. आता बघू चोर कसा येतो.”

“आणि तुम्ही बाहेर कसे येणार?”

“बाहेर कशाला? बाहेर चोर असतात.”

आतून सगुणेचा आवाज आला. “भावजी, पान वाढलंय. या ना आत.”

“कुठून येऊ, वहिनी?”

“दारातून या. दुसरं कुठून येतात?”

हैबतीने पहार आणली आणि भिंत पाडली. सुभानजी रागावला नाही. “कच्ची राहिली होती,” म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत दुप्पट जाड भिंत उभी केली. हैबतीने ती पाडली तर तो चौपट जाड बांधणार, हे उघड होते. पौर्णिमेला भोक बुजले की घरातली हवा संपेल, मग पाणी संपेल. गल्लीत इतर घरांतूनही थापीचे आवाज येऊ लागले होते. मधूनच एखादे पोर “दार कुठे गेलं?” म्हणून ओरडे, पण पोरांचे ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीने भाला महाद्वाराला टेकवून ठेवला आणि तो वनाकडे निघाला. द्वारपाल नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. लोक भाल्याला मुजरा करून आत जात राहिले.

वनात धनेश त्याच्या झाडावर होता. चोचीत उंबराचे फळ होते. ते त्याने ढोलीच्या फटीतून आत दिले, मग मान वाकडी करून खाली पाहिले.

“राजाचा माणूस का?”

“हो,” हैबती म्हणाला. माणसापेक्षा पक्ष्याशी बोलणे त्याला सोपे वाटले. “तुझं बघून राजाने सगळ्यांना दारं बुजवायला सांगितलीत.”

“तुझा राजा अर्धंच बघून गेला,” धनेश म्हणाला. “फटीतून मी चारा देतो, म्हणून ती जगते. आणि तिला चोच आहे, म्हणून वेळ झाली की भिंत फोडून बाहेर येते. तुझ्या लोकांना चोच आहे का?”

“नाही. पण त्यांना सांगून कळत नाही.”

“कळेल कसं? त्यांची समज रोज संध्याकाळी या झाडाखालून जाते. वेताळ पोतं इथे टेकतो, पाठ खाजवतो आणि पुढे जातो. पोत्यातून उजेड येतो. तुम्ही त्याला मान म्हणता, आम्ही पाखरं त्याला समजच म्हणतो.”

हैबती झाडाखाली बसला. त्याला कोनाड्यातले दोन उजेड आठवले आणि आपण मिटलेले तोंडही आठवले.

“पोतं कुठे जातं?”

“भस्मनाथाच्या गुहेत. जा, पण एक ध्यानात ठेव. त्याच्या गुहेच्या तोंडाशीही एक कोनाडा आहे.”

संध्याकाळी वेताळ आला. हैबती त्याच्या मागोमाग चालत डोंगरात गेला. वेताळाने मागे वळून पाहिले नाही, कारण तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सकाळी गुहा दिसली. तिच्या तोंडातून काळा धूर निघत होता आणि आतून खोकण्याचा आवाज येत होता. खोकत खोकतच भस्मनाथ बाहेर आला. त्याची जटा जमिनीवर लोळत होती, डोळे धुराने लाल झाले होते.

“कशाला आलास?”

“समज न्यायला. माझ्या दादाची आणि वहिनीची.”

“तीन कामं करशील तर मिळेल. त्यातलं एकही चुकलास तर तुझी समजही माझी. ये आत. समज त्या कोनाड्यात ठेव.”

हैबतीचे कान लाल झाले. तरी तो म्हणाला, “मी द्वारपाल आहे. मी दारातच उभा राहतो. कामं इथूनच सांगा.”

भस्मनाथाने क्षणभर विचार केला.

“बरं. पहिलं काम. माझ्या गुहेत धूर कोंडतो. मी मंत्राने वारा आणला, धूर आणखी आत गेला. पाऊस आणला, अंथरूण भिजलं. हा धूर घालव.”

हैबतीने दारातून डोकावून पाहिले. धुनी गुहेच्या अगदी मागच्या टोकाला पेटली होती.

“धुनी तोंडाशी आणा,” तो म्हणाला.

वेताळाने धुनी उचलून तोंडाशी आणली. धूर बाहेर गेला. भस्मनाथ बराच वेळ कोरड्या डोळ्यांनी धुनीकडे पाहत राहिला.

“दुसरं काम. हा वेताळ रोज सकाळपासून हौदात पाणी भरतो. हौद भरत नाही. मला वाटतं शाप आहे.”

हौद गुहेबाहेरच होता. हैबती त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. तळाशी मोरी उघडी होती आणि तिच्यातून पाणी खाली झाडीत जात होते. तिथली केळी फार चांगली वाढली होती. हैबतीने उपरण्याची चिंधी फाडली, तिचा बोळा करून मोरीत ठासला. दुपारपर्यंत हौद भरला. वेताळाने घडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच बसला.

“महाराज,” हैबती हळूच म्हणाला, “तुमच्याकडे एवढ्या लोकांची समज आहे. मग हे…”

“तेच तर,” भस्मनाथ म्हणाला. “मला वाटलं होतं, एवढी जमवली की मी सगळ्यांत शहाणा होईन. ती नुसती उजेड देते. दुसऱ्याची समज आपल्याला लागत नाही रे. कपाळाला लावून पाहिली, गळून पडते. ज्याची त्याने हात पुढे करून घेतली तरच चिकटते.” तो थोडा खोकला. मग त्याचा आवाज पुन्हा मांत्रिकाचा झाला. “तिसरं काम. आतल्या ढिगातून तुझ्या माणसांची समज ओळख. हात लावायचा नाही.”

गुहेच्या भिंतींना घागरी लावल्या होत्या, आणि प्रत्येक घागर काठोकाठ उजेडाने भरलेली. सगळे उजेड सारखे. त्यांत दादाचा कोणता, वहिनीचा कोणता?

हैबती दारात उभा राहिला. आठवता आठवता त्याला एवढेच सुचले, की समज असलेल्या माणसाला आपले वेडेपण कोणी चारचौघांत बोलून दाखवले की ते झोंबते. वहिनी त्याची थट्टा करी तेव्हा त्याचे कान उगाच लाल होत नसत. पण दारातून एवढ्या आत ऐकू जायचे तर ओरडून बोलावे लागणार होते. आयुष्यात तो कधी ओरडला नव्हता.

त्याने डोळे मिटले, म्हणजे कोणी पाहत असले तरी दिसू नये.

“आमच्या गावात,” तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. “आमच्या गावात एक नावाडी नाव डोक्यावर घेऊन पाण्यातून चालतो!”

एका घागरीतून एक उजेड टुणकन उडाला आणि लाजल्यासारखा तांबूस होऊन दाराशी आला.

“एक बाई पिठाचं धान्य व्हावं म्हणून जातं उलटं फिरवते!”

दुसरा उजेड आला.

“एक वैद्य चांगले दात काढतो!”

तिसरा आला, फार घाईने.

“सुभानजी गवंड्याने घराचं दार आतून बुजवलं! आणि सगुणा वहिनी म्हणते, भावजी, दारातून जेवायला या!”

दोन उजेड एकदमच उडाले. एकाने दुसऱ्याला वाटेत धक्का मारला. तो धक्का कोणाचा, हे हैबतीने लगेच ओळखले.

मग त्याला थांबवेना. गल्लीगल्लीत जे जे पाहिले होते ते तो ओरडत गेला, आणि एकेक उजेड येऊन त्याच्या डोक्यावर थव्यासारखा गोळा होत गेला. प्रधानांची समज सर्वांत खालच्या घागरीत होती, ती धूळ झटकत आली. ज्यांचे धनी केव्हाच वारले होते ते उजेड जागेवरच राहिले. त्यांना झोंबण्यासारखे कोणाचे वेडेपण उरले नव्हते.

“तेवढे माझ्याकडे राहू देत,” भस्मनाथ म्हणाला. “दिव्याला होतील.” आणि तो धुनीशी पाय पसरून बसला.

हैबती पळतच निघाला. वाटेत धनेशाने एकदा मान वाकवली, पण हैबती बोलायला थांबला नाही. पौर्णिमेचा सूर्य डोंगराला टेकत होता तेव्हा तो गावात शिरला. गल्ल्या रिकाम्या होत्या. दारे नसलेल्या घरांतून थाप्यांचे आवाज येत होते, एकेक करून थांबत होते.

दादाच्या भिंतीतले भोक अजून होते. आत थापीवर चिखल घेतलेला हात दिसत होता.

ओरडून ओरडून हैबतीचा आवाज बसला होता. शेजारच्या भोकांतून माणसे त्याच्याकडे पाहत होती. तो पळत भिंतीशी गेला आणि बसल्या आवाजात जेवढा जोर होता तेवढ्याने ओरडला, “दादा, थांब! तुझं राहिलंय!”

थापी थांबली.

“माझं?” सुभानजी म्हणाला. “माझं काय राहिलं? आण इकडे.”

समज नसली तरी आपली वस्तू म्हटल्यावर माणूस हात पुढे करतोच. भोकातून तळहात बाहेर आला. एक उजेड त्यावर बसला. हात आत गेला.

“माझंपण असेल,” सगुणा म्हणाली, आणि बांगड्यांचा हात बाहेर आला. दुसरा उजेड त्यावर बसला. तोही हात आत गेला.

हैबतीने भिंतीला कान लावला.

“अहो,” आतून सगुणेचा आवाज आला, “हे काय करून ठेवलंत?”

“मला वाटतं,” सुभानजी म्हणाला, “मी दार बुजवलं.”

“वाटतं म्हणे! आणि मी चिखल देत होते. भावजी, बाहेर आहात ना? पहार आणा. आणि काय हो, एवढं ओरडता येतं होय तुम्हाला?”

हैबतीचे कान लाल झाले. त्याने पहार आणायला पळायच्या आधी शेजारच्या भिंतीशी जाऊन हाक दिली, “तुमचं राहिलंय!” मग पुढच्या. मग पुढच्या गल्लीत. भोकाभोकांतून हात बाहेर आले, थवा पातळ होत गेला, आणि आतून एकामागून एक भिंती फुटू लागल्या. नावाड्याने आधी नाव खाली ठेवली. वैद्य मात्र भिंत फुटल्यावरही बराच वेळ बाहेर आला नाही.

प्रधानांनी आपल्या वाड्याच्या भोकातून हात बाहेर काढला, तो सवयीने झटकायलाच निघाला होता. “ठेवायचं नाही, घ्यायचं आहे,” हैबतीने सांगितले.

सगुणा अंगावरच्या चिखलानिशी राजवाड्यात गेली. वाटेत हैबतीने तिला धनेशाचे सगळे सांगितले होते. महाद्वारापाशी तो थांबला, ती कोनाड्याकडे न पाहता आत गेली. राजा सिंहासनावर एकटा बसला होता. राजाची समज कधी कोनाड्यात गेलेली नव्हती. पण तिला कोणी कधी टोकले नव्हते, म्हणून ती बोथट झाली होती.

“महाराज,” सगुणा म्हणाली, “ज्या पक्ष्याचं पाहून हुकूम काढलात, त्याच्या ढोलीला फट होती का?”

“होती.”

“आतल्या मादीला चोच होती का?”

“होती. मोठी होती.”

“मला आहे का?”

राजाने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. “नाही,” तो म्हणाला. “हे मला कोणीच सांगितलं नाही.”

“सांगायला आत यावं लागतं, महाराज. आणि आत यायचं तर समज बाहेर ठेवावी लागत होती.”

राजा उठला. सिंहासनावरून उतरून तो महाद्वारापर्यंत चालत आला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते कोनाडे जवळून पाहिले. त्याने एका रिकाम्या कोनाड्यात हात घातला, बाहेर काढला.

“गवंड्याला बोलवा,” तो म्हणाला. “बुजवायचेच आहेत तर हे बुजवा.”

सुभानजीने चांदण्यात सगळे कोनाडे बुजवले आणि वरून गिलावा केला. त्या भिंतीत आज पाहिले तर काही दिसत नाही. घरांना पुन्हा दारे बसली. वेताळ पुन्हा पोते घेऊन आला नाही. राजाच्या दरबारात पुन्हा दहा जण चूक काढू लागले आणि कामे पूर्वीसारखी उशिरा होऊ लागली. पण ती होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती महाद्वारावर गेला. भाला जिथे टेकवला होता तिथेच होता. तो त्याने हातात घेतला. द्वारपालाने बोलू नये हा नियम अजून होताच, तो काढून टाकायचे कोणाला सुचले नव्हते. थोड्या वेळाने प्रधान दरबारातून बाहेर पडले. एवढ्या वर्षांनी समज परत मिळाली होती. कपाळाला हात लावून ते कसल्या तरी मोठ्या विचारात चालले होते. फरशी अजून गार होती, त्यामुळे काही पोळत नव्हते.

हैबतीचे कान लाल झाले. त्याने नियम आठवला, मग डावीकडे पाहिले, आणि हाक मारली.

“प्रधानजी, वहाणा राहिल्या.”